वाकडी अवतरणचिन्हं

पायथन शिकायला मी कणकवलीला जाऊ लागले तेव्हा चाळिशी कधीच मागे पडली होती. मालवणात मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. लग्नाआधी एकदोन शाळांत बदलीवर शिकवलं होतं, तेव्हापासून पोरं मला टीचर म्हणतात आणि त्यांचे आईबापही. अलीकडे हे आईबाप एकच विचारू लागले होते, टीचर कोडिंग घेते का. मी नाही म्हटलं की ते मुलाला घेऊन दुसरीकडे जात. माझा नवरा रेडीला बंदरात खनिज भरायच्या कामावर आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जातो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो माशाचा काटा काढता काढता म्हणाला की झेपत असेल तर शिक. तेवढं मला पुरलं. नणंदेच्या मुलाचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि कणकवलीच्या क्लासात नाव घातलं.

क्लास एका मोबाईलच्या दुकानावर होता. शिकवणारा तिशीचा, पुण्यात काही वर्षं कंपनीत काम करून गावी परत आलेला. त्याला येत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला भरपूर येत होतं, आजही माझ्यापेक्षा त्याला जास्त येतं. पण त्याची एक सवय होती. आमच्यापैकी कुणाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली की तो चाकांची खुर्ची ढकलत यायचा, कीबोर्ड आपल्याकडे ओढायचा, दोनचार बटणं दाबायचा आणि प्रोग्राम चालू व्हायचा. काय चुकलं होतं हे विचारेपर्यंत तो पुढच्या खुर्चीपाशी पोचलेला असे. फार मागे लागलं तर तिथूनच सांगायचा, कोलन राहिला होता, आंटी. बाकी सगळी कॉलेजची मुलं. त्यांना तो नावाने हाक मारी. मी एकटी आंटी. संध्याकाळच्या गाडीने मी मालवणला यायची तेव्हा बॅगेत चालणारा प्रोग्राम असायचा आणि डोक्यात काही नसायचं.

तो आम्हाला फोनवर नोट्स पाठवायचा. नीटनेटकी पीडीएफ, पहिल्या पानावर त्याचा हाताची घडी घातलेला फोटो. त्यातला पहिलाच प्रोग्राम असा होता: नाव विचारायचं, गुण विचारायचे, गुण पस्तीस किंवा जास्त असले तर पास म्हणायचं, नाहीतर पुन्हा प्रयत्न करा म्हणायचं. मी तो घरी लॅपटॉपवर नोट्समधून उचलून जसाच्या तसा चिकटवला आणि पेनड्राइव्हवर घेऊन क्लासात गेले. तिथे चालवला तर लाल. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "गो बाय माजे, ह्या परत तांबडा झाला."

त्या दिवशी तो क्लासच्या जाहिरातीसाठी मोबाईलवर चित्रण करत फिरत होता. माझं बोलणं ऐकून तो आला, हसला, आणि माझा प्रोग्राम त्याने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. मग सगळ्यांना दाखवलं की आंटींनी अवतरणचिन्हं कशी घातली आहेत बघा, ही सरळ नाहीत, वाकडी आहेत, पायथनला ही चिन्हंच ठाऊक नाहीत. म्हणाला, आंटींनी प्रोग्राम मोबाईलवर लिहून आणलाय, मेसेज लिहितात तसा. मी म्हटलं, मोबाईलवर नाही लिहिला, तुमच्या नोट्समधूनच घेतला आहे. तेव्हा तो मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "आंटी, माणूस खोटं बोलतो, कॉम्प्युटर बोलत नाही."

पोरं हसली. मीही हसले, कारण सगळे हसत असताना दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. ते हसणं मला अजून डाचतं.

पुढच्या आठवड्यात ते चित्रण त्याने क्लासच्या पानावर टाकलं. माझं उघडं तोंड, 'ह्या परत तांबडा झाला' हे वाक्य तीनदा, मागे पुंगीचं संगीत आणि माझ्या खांद्यावर चिकटवलेला एक हिरवा साप. वर लिहिलं होतं, आंटी विरुद्ध पायथन. माझ्याआधी ते सगळ्या मालवणने बघितलं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर बायका माझ्याकडे बघून फोन लपवायला लागल्या. बाजारात जिच्याकडून मी नेहमी मासे घेते ती बांगडे मोजता मोजता म्हणाली, "काय गो बाय, तुजो साप वळवळता मां?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला पायथन म्हणजे खरंच साप वाटला होता. पण मी बांगडे तिथेच टाकून घरी आले.

मी त्याला फोन केला. शांतपणे सांगितलं की ते काढून टाका. तो म्हणाला की आंटी, एवढं मनावर कशाला घेता, लोकांना आवडतंय, तुमचीही ओळख होतेय. मी पुन्हा सांगितलं. त्याने बघतो म्हटलं. त्याने काही बघितलं नाही, ते तसंच राहिलं.

शनिवारी नवरा घरी आला तोच हसत. रेडीला त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनी बघितलं होतं आणि ते वाक्य आता तिथे कुठलंही यंत्र बंद पडलं की म्हणत होते. रविवारसाठी आणलेली सुंगटं, चांगली मोठी कोलंबी, मी शेजारणीला देऊन टाकली आणि त्याच्यासमोर पेज आणि लोणचं ठेवलं. तो ताटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "माका काय म्हायत तू इतक्या मनार घेतलंस ता." मी म्हटलं, आता कळलं ना, मग जेव.

क्लास मी सोडला. लोकांना वाटलं लाजेने सोडला. मला लाज वाटत नव्हती. मला त्या माणसाला कुणासमोर तरी तसंच उघडं तोंड करून उभं राहिलेलं बघायचं होतं. ते कसं करायचं हे ठाऊक नव्हतं, पण करायचं हे पक्कं होतं, आणि त्यासाठी त्याच्या विषयात मला पाय रोवून उभं राहायला हवं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर, शिकवण्या सुरू व्हायच्या आधी, मी लॅपटॉप घेऊन बसू लागले. प्रोग्राम लिहायला शिकण्यापेक्षा मी तो मोडायला शिकले. चालणारा प्रोग्राम घ्यायचा, त्यात मुद्दाम एकच चूक करायची आणि यंत्र काय म्हणतं ते बघायचं. गुण पस्तीस आहेत का हे विचारणारी जी इफची ओळ, तिच्या शेवटचा कोलन काढला. मग तो परत घालून पुढच्या ओळीची मोकळी जागा खाल्ली, म्हणजे पासची ओळ इफच्या पोटात जायच्याऐवजी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. गुण पस्तीसच आहेत का हे विचारताना दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच घातलं. पस्तीस हा आकडा मराठीत लिहिला. ही गंमत मला फार आवडली, कारण मराठी आकडा प्रोग्रामात लिहिला तर पायथन अडून बसतं, पण प्रोग्राम चालू असताना कुणी तोच मराठी आकडा उत्तर म्हणून दिला तर निमूट घेतं. सगळ्यात जास्त छळलं कंसाने. सहाव्या ओळीतला कंस मिटायचा राहिला तर माझा जुना लॅपटॉप बोट दाखवायचा सातव्या ओळीकडे. सातवी ओळ बिचारी बरोबर असायची. मी तिच्यात तासभर चूक शोधायची. मग कळलं की लाल खूण जिथे आहे तिथे यंत्र अडखळलं एवढंच खरं, खड्डा बहुतेक वेळा आधीच्या ओळीत असतो.

एवढा राग मनात ठेवून मी याआधी काही शिकले नव्हते. रागाने फार लवकर शिकता येतं. चूक सापडली की मी मनातल्या मनात त्याची चाकांची खुर्ची माझ्यापासून हातभर लांब ढकलायची.

असंच एका दुपारी मी पास-नापासाचा तो पहिला प्रोग्राम पुन्हा काढला. हाताने टाइप केला, चालला. मग वाटलं, त्याच्या नोट्समधून उचलून चिकटवून बघूया. चिकटवला, लाल. अक्षर न अक्षर सारखं, एक चालतो, एक नाही. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि अक्षरं मोठी केली. मोठी करत गेले तेव्हा दिसलं. मी टाइप केलेली अवतरणचिन्हं सरळ होती, दोन बारीक काड्यांसारखी. त्याच्या नोट्समधली वाकडी होती, मासे धरायच्या गळासारखी. त्याने नोट्स ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिल्या होत्या ते पत्रं-अर्ज लिहायचं सॉफ्टवेअर. ते छपाई सुंदर दिसावी म्हणून सरळ चिन्हं आपणहून वाकवतं. तो स्वतः नोट्समधून कधी काही उचलत नसे, बोटांनी धडाधड टाइप करायचा, म्हणून त्याला ते कधी दिसलं नव्हतं.

म्हणजे ज्या चुकीसाठी त्याने माझ्या खांद्यावर साप बसवला होता ती चूक त्याची होती. आणि मी तेव्हा ते तोंडावर सांगितलं होतं.

मी फोन हातात घेतला. त्याचा नंबर काढला. मग फोन उपडा करून ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि ठरवलं की हे त्याला आत्ता सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्यानंतर माझ्याकडे दुरुस्त्या येऊ लागल्या. मालवणातली काही मुलं त्याच क्लासला जात होती आणि घरी केलेला अभ्यास चालत नसला की अडत होती. त्यातला एकजण माझा जुना विद्यार्थी, तो पहिला आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की टीचर दुपारभर लॅपटॉपसमोर असते. मी त्याला शेजारी बसवलं आणि हात मांडीवर ठेवले. त्याचा कीबोर्ड मी हातात घेतला नाही. लाल अक्षरं मोठ्याने वाचायला लावली, मग ओळ, मग त्याच्या वरची ओळ. मी बोट फक्त पडद्यावर ठेवायची. बराच वेळ गेला. शेवटी त्याला कंस दिसला तेव्हा तो खुर्चीतून उठलाच, आणि मला म्हणाला की सर असं कधी करू देत नाहीत.

मला तेच ऐकायचं होतं. पुढच्या खेपेला त्याने मैत्रिणीला आणलं, तिने आणखी कुणाला. आधी दुरुस्तीसाठी आलेली मुलं मग शिकायलाच माझ्याकडे राहिली. इकडे एक मूल बसलं की मी मनात तिकडची एक खुर्ची उचलून भिंतीला लावायची. मुलांच्या आया बाजारात भेटल्या की मी आपणहून सांगायची की मुलगा आता चूक स्वतः शोधतो, आधी कुठे जायचा बरं तो? त्या क्लासचं नाव घ्यायच्या आणि मी फक्त असं का म्हणायची. एवढं पुरतं. चर्चच्या पायऱ्यांवरही पुरतं.

प्रत्येक नव्या मुलाला मी कणकवलीच्या क्लासच्या नोट्स दाखवायला सांगायची. मुलांना वाटायचं टीचर अभ्यास करतेय. मी चिन्हं बघत होते. ती वाकडी ती वाकडीच होती. पहिल्या पानावरचा फोटो बदलला, मुखपृष्ठ रंगीत झालं, आत नवे धडे आले, पण चिन्हं तशीच. मुलं त्यातून प्रोग्राम उचलून आणत, तो चालत नसे, आणि मी त्यांना सरळ चिन्हं घालायला शिकवत असे. ती वाकडी कुठून आली हे कुणालाही बोलत नसे. मला ती तशीच राहायला हवी होती.

मग शाळेची गोष्ट निघाली. मालवणहून देवगडच्या बाजूला जाताना लागणारी एक शाळा. तिथे मी पूर्वी बदलीवर गणित शिकवलं होतं. मुख्याध्यापिका नन होत्या, गोव्याकडच्या, फार मोजकं बोलणाऱ्या. त्यांना आठवीच्या वर्गाला पायथन सुरू करायचं होतं आणि त्यांनी मलाच बोलावून विचारलं. काम माझ्या हातात होतं. मी हो म्हणायचं तेवढंच बाकी होतं. मी म्हटलं, "सिस्टर, कणकवलीला एक सर आहेत, त्यांचं नाव मोठं आहे. त्यांनाही बोलवा. दोघांनी एकेक तास घेऊ दे, मग तुम्ही ठरवा."

त्यांना माझा मोठेपणा वाटला असावा. मी आणखी म्हटलं की सरांकडे तयार नोट्स आहेत, त्या आदल्या दिवशीच मुलांच्या कॉम्प्युटरवर घालून ठेवायला सांगा, म्हणजे टाइप करण्यात वेळ जाणार नाही. सिस्टरनी ते लिहून घेतलं. मी गाडीत बसले आणि मालवण येईपर्यंत एकटीच गालात हसत होते.

तो आला तेव्हा पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. मला बघून थांबला. "अरे आंटी, तुम्हीपण?" म्हणाला. मी नमस्कार केला. कॉम्प्युटरच्या खोलीत आठवीची मुलं दोघादोघांनी बसली होती, मागच्या बाकावर सिस्टर आणि काही पालक. पहिला तास त्याचा. तो बोलायला चांगला, मुलं लगेच खुलली. मग त्याने सांगितलं की नोट्समधला पहिला प्रोग्राम उचला, चिकटवा आणि चालवा. तोच प्रोग्राम, पास-नापासाचा.

खोलीभर लाल झालं.

पहिल्या कॉम्प्युटरपाशी तो नेहमीसारखाच गेला. कीबोर्ड ओढला, चिन्हं पुसून नवी घातली, झालं म्हणाला. दुसऱ्यापाशीही तसंच. तिसऱ्यापाशी त्याची बोटं थांबली. त्याने मान उचलून सगळे पडदे बघितले. त्याला तिथे कळलं. मी त्याच्यापासून दोन बाकं लांब होते आणि त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना मी बघितलं. कितीतरी दुपारी मी ज्याची वाट बघितली ते हेच होतं.

तिथे तो एवढंच म्हणाला असता की मुलांनो, माझ्या नोट्समध्ये चूक आहे, तर माझं सगळं फुकट गेलं असतं. सिस्टरना ते आवडलं असतं, मुलांनाही. पण तो म्हणाला की शाळेची मशीन जुनी आहेत, म्हणून असं होतंय. आणि तिसऱ्या कॉम्प्युटरवर जी मुलगी होती, दोन वेण्या, दप्तर मांडीवर धरून बसलेली, तिला म्हणाला, "तू काहीतरी भलतंच दाबलंयस." मुलीने मान खाली घातली. शेजारच्या मुली हसल्या.

त्याने उरलेले कॉम्प्युटर एकामागून एक पळत दुरुस्त केले. शर्ट पाठीला चिकटला. तास संपला तेव्हा सगळे प्रोग्राम चालत होते आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उठले. मी नवीन काही शिकवलं नाही. त्या वेण्यांच्या मुलीपाशी गेले, बाजूची खुर्ची घेऊन बसले आणि तिला विचारलं की सरांनी मघाशी काय दुरुस्त केलं. तिने हळूच सांगितलं की माहीत नाही. मी म्हटलं, मग पुसून टाक आणि पुन्हा नोट्समधून घे. तिने घेतला. पुन्हा लाल. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी हात पाठीमागे बांधले आणि लाल अक्षरं मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचलं, ओळ सापडली, यंत्र कुठल्या चिन्हाजवळ अडलं तेही सापडलं. मी सांगितलं, त्या चिन्हाखाली स्वतःच्या हाताने तसंच चिन्ह टाइप कर आणि अक्षरं मोठी कर. तिने केलं. सगळ्या मुली तिच्या पडद्याभोवती गोळा झाल्या.

ती बराच वेळ बघत होती. मग तिने नोट्सची पीडीएफ उघडली, तीही मोठी केली. मी ते सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं. आणि ती वळून म्हणाली, "टीचर, ही सरांच्या कागदातच वाकडी आसत. मी काय दाबूक नाय."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. तो खिडकीपाशी उभा होता, चेहरा लाल झाला होता, तोंड थोडं उघडं. मी त्याच्याकडे वळले. शाळेत शिकवताना सगळे शुद्ध मराठी बोलतात, मीही बोलत होते. पण हे मला माझ्याच बोलीत म्हणायचं होतं.

"सर," मी म्हटलं, "आता हिचो व्हिडिओ काढूचो नाय?"

पालकांमधला एकजण हसला. त्याने तो साप बघितला असणार. मग आणखी एकदोघं. तो खिडकीपाशीच ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

बाहेर सुरूच्या झाडांखाली त्याने मला गाठलं. आवाज खाली ठेवून म्हणाला, "आंटी, तुम्हाला आधीच माहीत होतं."

"होय."

"मग एक मेसेज केला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मिया तुका त्याच दिसा सांगलेलंय," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. तू आयकूक नाय."

तो ते चित्रण आज काढून टाकतो असं म्हणाला. मी म्हटलं की तुझी मर्जी. मग त्याने गाडीला किक मारली आणि गेला.

सिस्टरनी मला कार्यालयात बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं की नोट्समधलं हे मला आधीपासून ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. किती दिवस, त्यांनी विचारलं. बरेच महिने, मी म्हटलं. त्या मग म्हणाल्या, "कन्फेशनला हे सांगणार आहात?"

"सांगेन, सिस्टर. पण वाईट वाटतंय असं नाही सांगणार."

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून नीट आडवं ठेवलं. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "मुलांना चूक शोधायला शिकवा. बाकीचं जे तुम्हाला येतं ते शिकवू नका."

मी मान खाली घालून बाहेर आले, पण फाटकापर्यंत मान वर झाली होती. नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. पहिल्यापासून, त्या दुपारपासून. तो शेवटी म्हणाला की एवढे महिने तू हे पोटात ठेवलंस, आणि मग विचारलं की माझ्यावर तुझा असा काही राग बाकी नाही ना. मी म्हटलं, शनिवारी ये, बघू.

मालवणात कणकवलीच्या क्लासची शाखा निघणार होती. ती निघाली नाही. जागा बघून ठेवली होती, पण मुलं जमली नाहीत. शाळेत काय झालं ते पालकांनी घरी सांगितलं, घरातून ते गल्लीत गेलं. माझ्या घरी आता पडवीतही बाकं टाकावी लागली आहेत, आणि आठवड्यातून एकदा मी जामसंड्याला जाऊन एक तुकडी घेते. कणकवलीचा त्याचा क्लास मात्र बंद पडला नाही. तो बुडेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते.

उलट मध्यंतरी तिथून आलेल्या एका मुलीने सांगितलं की सर आता बदललेत. नोट्स त्यांनी सगळ्या नव्याने केल्या, चिन्हं सरळ. कुणाचा प्रोग्राम अडला की आधी विचारतात की तुला काय वाटतं, आणि कीबोर्डला हात लावत नाहीत. पहिल्याच दिवशी सांगतात की चूक माझ्या नोट्सचीही असू शकते, तीही तपासा. ती मुलगी हे मोठ्या कौतुकाने सांगत होती. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझी पद्धत होती ती, आणि माझ्या अपमानातून मी ती कमावली होती. त्याला ती अशी फुकटात मिळावी याचा मला त्या दिवशी इतका राग आला की संध्याकाळच्या तुकडीला मी लवकर सोडलं.

लोक म्हणतात सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो. मी वाट बघितली. तसलं काही झालं नाही. अजूनही कधी भात शिजत असताना मला त्याची तिसऱ्या कॉम्प्युटरवर थांबलेली बोटं दिसतात आणि मला मनापासून बरं वाटतं.

गेल्या महिन्यात कणकवलीला काम होतं. परतीच्या मालवण गाडीला तोबा गर्दी. मी कशीबशी चढले तर मधल्या बाकावर तोच बसलेला. मला बघून उठला. "बसा, टीचर," म्हणाला. पहिल्यांदाच टीचर म्हणाला. मी बसले. बाकावर माझ्या शेजारी थोडी जागा होती, सरकून घेतलं तर एक माणूस सहज टेकला असता. तो वरची दांडी धरून माझ्या बाकापाशीच उभा होता. मी माझी भाजीची पिशवी त्या जागेवर ठेवली, तिचे बंद नीट आत खोचले आणि खिडकीबाहेर बघत बसले. कसाल गेलं, कट्टा गेलं. गाडी वळणावर वळली की तो डुलायचा. पिशवी मी उचलली नाही.